कोणत्या सालाचा जीर्णोद्धार?

१

मुंबईतील रॉयल ऑपेरा हाऊस ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे भरभरून स्वागत केले. २०१२ साली हीच वास्तू जगातील धोक्यात आलेल्या स्मारकांच्या यादीत होती. २०१७ साली तिला वारसा-जतनासाठी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सन्मान मिळाला. वीसएक वर्षे बंद पडलेली, गळकी, वाळवी लागलेली इमारत पुन्हा उभी राहिली याचा आनंद कोणालाही व्हावा. वास्तुतज्ज्ञ आभा नरेन लांबा यांच्या देखरेखीखाली झालेले काम चांगले आहे, हे मी आरंभीच नमूद करतो. ज्या गवंड्यांनी, सुतारांनी, रंगाऱ्यांनी ही नक्षी पुन्हा घडवली त्यांच्या हाताला दाद दिली पाहिजे.

परंतु समीक्षेचे काम दाद देऊन संपत नाही. साहित्यकृती जशी वाचायची असते तशी वास्तूही वाचता येते. तिच्यात काय ठेवले, काय गाळले, कोणाच्या नजरेला समोर धरून ती रचली, हे प्रश्न कवितेला विचारता येतात तसे इमारतीलाही विचारता येतात. दलित साहित्याने मराठी समीक्षेला गेल्या पन्नास-साठ वर्षांत एक गोष्ट शिकवली. 'हे सुंदर आहे' असे कोणी म्हटले की 'कोणासाठी?' असे विचारावे. प्रस्थापित समीक्षेला तेव्हा हा प्रश्न असभ्य वाटला, आज तो अभ्यासक्रमात आहे. मात्र पुस्तकाबाहेर आला की तो पुन्हा असभ्य ठरतो. 'वारसा' हा शब्द उच्चारला की सगळे जण जणू देवळात आल्यासारखे आवाज खाली आणतात. म्हणून हा लेख.

२

मी मराठीचा अध्यापक आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. ज्या विद्यार्थ्यांना मी ही वास्तू दाखवायला नेले ते अकरा जण होते आणि त्यांतील बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेले तेच पहिले. चर्नी रोड स्टेशनवरून चालत आम्ही गेलो.

आत शिरल्यावर प्रथम दिसतात ती दिवाणखान्यातली मोठी झुंबरे. मग मुख्य सभागृह. घुमटाकार छताचे आठ भाग केलेले असून त्यांवर कवी आणि नाटककार यांना मानवंदना देणारी चित्रे आहेत. रंगमंचाच्या चौकटीला सोनेरी नक्षी, भिंतींना नक्षीकाम, वर चढत जाणाऱ्या गॅलऱ्या आणि राजेरजवाड्यांसाठी असावेत तसे बॉक्स. माझे विद्यार्थी बराच वेळ माना वर करून पाहत राहिले. सौंदर्य त्यांना कळत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी त्यांचे चेहरे पाहायला हवे होते. मग त्यांतल्या एका मुलीने विचारले, "सर, यात आपली माणसं कुठं बसत असतील?" दुसऱ्याने बोट वर करून सर्वांत वरची गॅलरी दाखवली आणि सगळे हसले.

मला त्या हसण्याचे नवल वाटले नाही. शेवटचा बाक, मागची रांग, वरची गॅलरी ही उत्तरे आमच्या मुलांना पाठ असतात. परंतु या वास्तूच्या बाबतीत खरे उत्तर इतके सोपे नाही. ते द्यायचे तर 'कोणत्या साली?' असे आधी विचारावे लागते.

३

ऑपेरा हाऊसची कल्पना १९०८ च्या सुमारास मॉरिस बँडमन हा करमणुकीचा व्यावसायिक आणि जहांगीर फ्रामजी कराका हे कोळशाचे दलाल यांनी मांडली. १९११ साली, बांधकाम पुरे व्हायच्या आधीच, पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नावातला 'रॉयल' तिथून आला. पुढे परदेशी मंडळ्यांचे खेळ, मग मराठी-गुजराती नाटके, बालगंधर्वांसारख्या नटांचे प्रयोग, पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटके असा त्याचा प्रवास झाला. १९३५ साली त्याचे सिनेमागृह झाले. त्यासाठी आत बरीच मोडतोड आणि बांधणी झाली. आर्ट डेको पद्धतीची नवी सजावट आली, पडदा पाहायला अडथळा होणाऱ्या गोष्टी गेल्या. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले. सिनेमा चालू राहिला. दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ आल्यावर प्रेक्षक ओसरला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी दारे बंद झाली.

म्हणजे या इमारतीच्या आयुष्यात पन्नासहून अधिक वर्षे ती सिनेमाचे थिएटर होती. ऑपेरा फार थोडी वर्षे झाला, नाटक काही वर्षे, सिनेमा सर्वांत अधिक. आता जीर्णोद्धार करताना संवर्धकांपुढे एक प्रश्न अटळपणे येतो. इमारत कोणत्या सालाकडे परत न्यायची? १९११ की १९३५ की १९७५? इथे १९११ निवडले गेले. सिनेमाच्या काळात चढलेला थर उतरवून मूळचे बरोक रूप वर आणणे आणि नाहीसे झालेले बॉक्स पुन्हा उभे करणे, हे या कामाचे सूत्र होते. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने त्याला आधार आहे. मूळ अधिक मौल्यवान, नंतरची भर कमी मौल्यवान, असा त्या शास्त्रात एक प्रबळ विचार आहे.

परंतु 'मूळ' या शब्दाशी आमचे जुने भांडण आहे. मूळ कोणते, भेसळ कोणती, शुद्ध काय आणि नंतर चिकटलेले काय, हे ठरवण्याचा अधिकार या देशात कोणाच्या हाती राहिला हे वाचकांना सांगायला नको. भाषेच्या बाबतीतही आम्ही तेच अनुभवले. आमच्या बोलीला 'अशुद्ध' म्हटले गेले. इमारतीत खरवडून काढलेला थर हा ज्या वर्षांचा होता, ती वर्षे नेमकी कोणाची होती, हे पाहिले म्हणजे या निवडीचा अर्थ कळतो.

४

आधी १९११ पाहू. बादशहा मुंबईत आला तेव्हा याच शहरात वीस वर्षांचा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता. त्या कॉलेजातला हॉटेलवाला त्याला चहा काय, पाणीही देत नसे, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. ज्या शहरात पदवीच्या विद्यार्थ्याला पाण्याचा पेला मिळत नव्हता, त्या शहरात कवी आणि नाटककारांच्या सन्मानाचे छत उभे राहत होते. हे दोन्ही एकाच नगरीचे सत्य आहे. जीर्णोद्धारात त्यातले एकच परत आले.

दिवाणखान्यातल्या झुंबरांची गोष्टही अशीच. ती ससून घराण्याच्या भायखळ्यातील 'सान्सुसी' या वाड्यातून आली असे सांगतात. आज त्या वाड्यात मसिना हॉस्पिटल आहे. ससून घराण्याची संपत्ती अफूच्या आणि कापसाच्या व्यापारातून वाढली. त्याच घराण्याच्या एका शाखेकडे मुंबईतील मोठ्या कापड गिरण्या होत्या. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण विणकाम खात्यात, ज्याला गिरणगाव साचाखाते म्हणते, त्यांना प्रवेश नव्हता. कांडी संपली की धोट्यातून नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार अधिक त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, कारण मालकाविरुद्ध एकजूट मागणारी चळवळ या भिंतीविषयी गप्प होती.

झुंबराकडे पाहताना मला हा धोटा आठवतो. झुंबर देखणे आहे हे मी नाकारत नाही. त्याच्या उजेडाचा खर्च कुठून आला एवढेच मला विद्यार्थ्यांना सांगायचे असते. सौंदर्यशास्त्राच्या तासाला अर्थशास्त्र आणू नये असे आमचे काही सहकारी म्हणतात. सौंदर्य अर्थशास्त्राशिवाय आले असते तर मीही आणले नसते.

५

आता १९३५ नंतरची वर्षे. सिनेमा आला आणि तिकिटाचा हिशेब आण्यांवर आला. पडद्याच्या अगदी जवळची जागा, जिला सगळी मुंबई 'पिट' म्हणत असे, ती गिरणीवाल्या, गोदीवाल्या, हमाल, सफाई कामगार, घरगडी यांची झाली. लॅमिंग्टन रोड आणि ग्रँट रोडच्या पट्ट्यात थिएटरांची रांगच लागली. पलीकडे 'पिला हाऊस', म्हणजे प्लेहाऊस. साहेबांचा शब्द लोकांनी आपल्या तोंडात बसेल असा करून घेतला आणि तोच कायम झाला. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ साली ज्या वस्तीतून आला तिच्या काठावरच हे पिला हाऊस आहे. ऑपेरा हाऊसपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर, पण मराठी वाङ्मयाच्या नकाशावर कित्येक कोस दूर.

माझे आजोबा गिरणीत थ्रॉसल खात्यात होते. ते गावी असताना देवळाच्या पायरीपर्यंत, पाणवठ्याच्या खालच्या अंगापर्यंत आणि हॉटेलच्या बाहेर टांगलेल्या कपापर्यंत एवढीच त्यांची हद्द होती. मुंबईत आल्यावर ते सिनेमाला जाऊ लागले. त्यांच्या बोलण्यात चित्रपटाच्या कथेपेक्षा एक गोष्ट वारंवार येई. "तिकीट दिलं की डोअरकीपर फाडायचा आणि आत सोडायचा. नाव विचारायचा नाही." आम्हाला लहानपणी यात काही विशेष वाटत नसे. आज वाटते. ज्याला आयुष्यभर प्रत्येक दारावर नाव, आडनाव, गाव आणि आळी विचारली गेली, त्याला न विचारता आत सोडणारे दार ही केवढी घटना असेल! आत गेल्यावर दिवे मालवले जात. अंधारात शेजारी कोण बसला आहे हे कळत नसे. खुर्चीचा एकच हात दोघांत असे.

या अंधाराला मी मुक्ती म्हणणार नाही. दर वेगळे होते, जिने वेगळे होते, बाल्कनीवाले आणि पिटवाले एकमेकांना भेटत नव्हते. वर्ग होताच, आणि या देशात वर्गाच्या पोटात जात असतेच. खेड्यातल्या तंबूत आणि तालुक्याच्या टॉकीजमध्ये मुंबईइतकीही मोकळीक नव्हती. म्हणून तर राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांचा उल्लेख करावा लागला आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात त्याला शिक्षेची जोड द्यावी लागली. जे घडत नाही त्यावर कोणी कायदा करीत नाही. तरीही ज्या थोड्या जागी तिकीट हे जातीपेक्षा मोठे ठरले, त्यांत शहरातले सिनेमा थिएटर होते. आमच्या सामाजिक इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी. अण्णाभाऊ साठे मुंबईत आले तेव्हा मूकपटांच्या वेडापायी पोस्टरांवरची आणि दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे जुळवत वाचायला शिकले असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ज्यांना शाळेने अक्षर दिले नाही, त्यांना थिएटरच्या भिंतीने दिले.

आता पडद्यावर काय होते, याचाही हिशेब झाला पाहिजे. दार उघडले, पण चित्रात आम्ही कुठे होतो? हरिश्चंद्राच्या कथेवर या देशातला पहिला संपूर्ण कथापट १९१३ साली निघाला. त्या पुराणकथेत राजाच्या अधःपाताची शेवटची पायरी कोणती, तर स्मशानातल्या डोंबाची चाकरी. ज्याचे रोजचे जगणे ती 'शेवटची पायरी' आहे, त्या प्रेक्षकाने कोणाच्या दुःखाने रडायचे? १९३६ साली 'अछूत कन्या' आली, १९५९ साली 'सुजाता' आली. दोन्ही सद्भावनेने केलेले चित्रपट. दोन्हींत अस्पृश्य ही सोशिक, सुंदर, कोणाची तरी दया जागवणारी स्त्री. पहिलीत ती जीव देते, दुसरीत रक्त देते. काहीतरी देऊन टाकल्याशिवाय तिला माणूस म्हणून मान्यता नाही. पिटमधल्या माणसाने तिकिटाचे पैसे पूर्ण मोजले आणि पडद्यावर स्वतःला अर्धेच पाहिले. नागराज मंजुळे यांचे 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) येईपर्यंत मराठी पडद्यावर जातीच्या नजरेला नजर देणारा प्रेक्षकप्रिय चित्रपट शोधावा लागत होता. ज्या वर्षी ऑपेरा हाऊस नव्याने उघडले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'सैराट'ने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जुन्या, गळक्या, खुर्च्या मोडलेल्या टॉकीजमध्ये गर्दी खेचली. त्या टॉकीजपैकी कित्येक आज बंद आहेत. त्यांच्या जीर्णोद्धाराची यादी कोणाकडे आहे?

६

इथे आक्षेप येईल की वास्तुसंवर्धनाचा आणि जातीचा संबंध ओढूनताणून लावला जात आहे. नाट्यगृह ही केवळ नाट्यगृहच असते, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या परंपरेतला पहिला ग्रंथ उघडावा. भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की वेद शूद्रांच्या कानी पडायचे नाहीत, म्हणून सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला. हे वचन आमचे प्राध्यापक नाट्यकलेच्या उदारतेचा पुरावा म्हणून शिकवतात. पुढचा अध्याय मात्र फारसा शिकवला जात नाही. त्यात नाट्यमंडप कसा बांधावा ते आहे. मंडपाचे चार खांब ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र या नावांचे, प्रत्येकाचा रंग वेगळा, विधी वेगळा. पाचव्यासाठी खांब नाही. पायाभरणीच्या वेळी कोणाला दूर ठेवावे तेही सांगितले आहे. पाखंडी, काषाय वस्त्रे धारण करणारे, शरीराने व्यंग असलेले.

काषाय वस्त्रे कोणाची, हे नागपूरच्या दीक्षाभूमीचा वारसा सांगणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणजे नाट्यगृहाच्या पायातच वर्ण आहे, हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणते. युरोपातून आलेल्या ऑपेरा हाऊसने खांबांऐवजी मजले केले. राजघराण्याला बॉक्स, सरदार-सावकारांना पहिला मजला, कारकुनांना त्यावरचा, उरलेल्यांना माथ्यावरची गॅलरी. दोन्ही रचनांत प्रेक्षक कलाकृती पाहतो, आणि त्याच वेळी समाज त्याची पायरी पाहतो. अशी रचना जेव्हा आपण जशीच्या तशी पुन्हा उभी करतो, तेव्हा ती कशासाठी होती हे सांगण्याची जबाबदारीही येते.

७

ही जबाबदारी पार पाडता येते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. आमच्या चळवळीला कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा परिचय नवा नाही. १९७२ साली दलित पँथरने नाव तिथून घेतले आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले. त्या देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय प्रेक्षकाला सिनेमा पाहायचा तर वेगळे दार, वेगळी तिकीटखिडकी, वेगळा जिना आणि सर्वांत वरची बाल्कनी असा रिवाज होता. गोऱ्यांचे पाय ज्या गालिच्यावर पडत तो गालिचा त्याच्या वाट्याला येत नसे. उत्तर कॅरोलिना राज्यातील डरहॅम शहरात १९२६ साली उघडलेले कॅरोलिना थिएटर हे असेच एक. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि नागरिकांनी निदर्शने केली, आणि १९६३ साली ते सर्वांना सारखे खुले झाले.

हे थिएटरही पुढे मोडकळीस आले आणि त्याचाही जीर्णोद्धार झाला. मात्र तिथे नक्षीबरोबर आणखी एक गोष्ट जतन केली गेली. वेगळ्या दाराची, वेगळ्या खिडकीची, दुसऱ्या बाल्कनीची आणि ती मोडणाऱ्या लढ्याची हकिकत सांगणारे कायमचे प्रदर्शन त्याच इमारतीत मांडले आहे. आज तिथे नाटक पाहायला आलेला माणूस तो इतिहास ओलांडून आत जातो. इमारतीचे सौंदर्य त्यामुळे कमी झाले असे कोणी म्हणत नाही. ज्यांच्या आजोबांना मागच्या जिन्याने वर चढावे लागले, त्यांचे नातू मात्र मान वर करून पुढच्या दाराने येतात आणि मागचा जिना आपल्या मुलांना दाखवतात.

आपल्याकडे असे का होत नाही? एक कारण असे की त्यांचा भेद पाट्यांवर लिहिलेला होता, आपला बहुधा लिहिलेला नसतो. वेगळ्या जिन्याचे छायाचित्र घेता येते. नजरेचे, आडनाव विचारण्याचे, टांगलेल्या कपाचे छायाचित्र कोण घेणार? म्हणून आपल्याकडे पुरावा वास्तूत कमी आणि माणसांच्या आठवणीत अधिक आहे. वास्तू जपणारे आठवण जपत नाहीत, तेव्हा पुरावाच नष्ट होतो.

८

दुसरे कारण आपल्याच बाजूचे आहे, तेही बोलले पाहिजे. आपल्या सभागृहांची आपण काय काळजी घेतली? ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि तिच्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अस्पृश्यांच्या संघटित राजकारणाचा आरंभ एका कामगार वस्तीतल्या, सोशल सर्व्हिस लीगच्या सभागृहात झाला. त्याच आवारातले दामोदर नाट्यगृह गिरणगावातल्या हौशी आणि कामगार रंगभूमीचे आश्रयस्थान होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले. रंगकर्मींनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्या आवाजात आपला आवाज किती होता? शंभर वर्षांपूर्वीच्या त्या सभेचा शतकसोहळा आपण भाषणांनी साजरा केला. ज्या भिंतींच्या आत ती झाली, त्यांचा विचार भाषणांत फारसा आला नाही.

मात्र आपला वारसा म्हणजे जे जे जुने ते ते सोनेरी, असा उलटा भाबडेपणाही नको. तमाशाची थिएटरे हे त्याचे उदाहरण. मुंबईत तमाशा उभा राहिला तो महार-मांग-कोल्हाटी कलावंतांच्या, विशेषतः स्त्रियांच्या जिवावर. पवळाबाईंच्या कलेवर पठ्ठे बापूरावांचे फड गाजले. त्यांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाही. ज्या रंगमंचावर आपल्या स्त्रियांची अप्रतिष्ठा विकली जाते त्याचा पैसा मुक्तीच्या लढ्याला नको, ही त्यांची भूमिका होती. शैलजा पाईक यांच्या २०२२ च्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या ग्रंथात या प्रश्नाची, आणि त्या स्त्रियांच्या बाजूचीही, सविस्तर चर्चा आहे. तमाशाचे एखादे थिएटर उद्या कोणी जपायचे ठरवले, तर ते झगमगीत लावणी महोत्सवासाठी जपायचे की त्या कलावंतिणींच्या कष्टाची आणि अपमानाची साक्ष म्हणून, हा प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागेल. १९११ कडे नेणाऱ्यांना आपण जो प्रश्न विचारतो तोच आपल्याला लागू आहे. कोणते साल, आणि कोणाच्या डोळ्यांनी?

९

मला ऑपेरा हाऊसची नक्षी पुसायची नाही. बॉक्स मोडायचे नाहीत, झुंबरे उतरवायची नाहीत. आमच्या मुलांनी तिथे जावे, संगीत ऐकावे, नाटक पाहावे, पुढच्या रांगेत बसावे आणि एक दिवस त्या मंचावर उभे राहावे, असेच मला वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की १९११ हे त्या वास्तूच्या आयुष्यातले एक साल आहे, संपूर्ण आयुष्य नव्हे. ज्या पन्नास वर्षांत पिटमधल्या माणसाच्या आण्यांवर तिचा दिवा जळत राहिला, ती वर्षे 'नंतरची भर' म्हणून सोडून देता येणार नाहीत. तो थर आता भिंतीवर नाही. मग तो शब्दांत तरी उतरला पाहिजे.

हे काम वास्तुतज्ज्ञ करणार नाहीत, त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नको. ते तुमचे-माझे, म्हणजे शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे. आपल्या साहित्यात आत्मकथने पुष्कळ झाली. त्यांत गाव आहे, शाळा आहे, वसतिगृह आहे, स्मशान आहे. टॉकीज मात्र ओझरतीच येते. डोअरकीपर, बुकिंगवाला, पोस्टर रंगवणारा, रिळे सायकलवरून या थिएटरातून त्या थिएटरात नेणारा पोरगा, प्रोजेक्टरच्या खोलीत कार्बनच्या धुरात उभा राहणारा ऑपरेटर, खेळ सुटल्यावर खुर्च्यांखालून शेंगांची टरफले झाडणारी बाई, यांच्यापैकी कोणाची हकिकत मराठीत किती आहे? आणि पिटमध्ये बसलेला माणूस, ज्याने बायकोला पहिल्यांदा शेजारी बसवून भर गर्दीत तीन तास काढले, त्याची तरी कोठे आहे?

या वर्षी आमच्या पदव्युत्तर वर्गाला प्रकल्पासाठी मी हाच विषय दिला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा वस्तीतील सत्तरीपुढच्या एका माणसाला गाठायचे आणि त्याने पाहिलेल्या थिएटरविषयी विचारायचे. चित्रपट कोणता हे शेवटी विचारायचे. आधी विचारायचे की कोणत्या दाराने गेलात, कोठे बसलात, शेजारी कोण होते, कोणी नाव विचारले का. मुंबईबाहेरच्या, तालुक्याच्या गावांतल्या अध्यापकांनीही हे करावे अशी माझी विनंती आहे, कारण तिथली उत्तरे मुंबईपेक्षा वेगळी येणार आणि तीच अधिक महत्त्वाची आहेत. सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.